‘ळ’वाला वेताळ

वाचकहो, हिवाळा आला की मोबाइलवर कॉमिक कॉनच्या बातम्या यायला लागतात. कधी दिल्ली, कधी मुंबई, कधी बंगळुरू, हैदराबाद. फोटोत लाल-निळ्या वेषातला स्पायडरमॅन, जपानी कार्टूनमधल्यासारखे रंगीत केस केलेल्या मुली आणि लांबच लांब रांगा. तुम्ही म्हणाल, पन्नाशीच्या बाईला यात काय रस? तर आधीच सांगून टाकते, मी पक्की कॉमिक्सवाली आहे. भिलाईच्या सेक्टरमध्ये वाढलेली आणि इंद्रजाल कॉमिक्स वाचत मोठी झालेली. त्यामुळे ही बातमी दिसली की मी गॅस बंद करते आणि आधी फोटो मोठे करून बघते. ते बघताना मनात काय काय येतं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

पहिल्यांदा येतो तो निव्वळ आनंद. आमच्या लहानपणी कॉमिक्स म्हणजे अभ्यासाचा शत्रू! भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायची वस्तू. आता तिच्यासाठी चक्क जत्रा भरते. मूळ कल्पना अमेरिकेची. सॅन डिएगो शहरात १९७० साली असं संमेलन सुरू झालं आणि आज तिथे लाखाहून जास्त माणसं जमतात. आपल्याकडचं पहिलं कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटला भरलं. प्रकाशक पुस्तकं मांडतात, चित्रकार सह्या देतात, चाहते आवडत्या पात्राचा वेष करून मिरवतात. गणपतीत आपण देखावे बघत फिरतो ना, तसंच काहीसं.

पण त्या पहिल्याच संमेलनाच्या बातमीने मला रडवलंही होतं. तिथे अनंत पै यांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला. हेच ते ‘अंकल पै’, ज्यांनी १९६७ मध्ये अमर चित्रकथा आणि १९८० मध्ये टिंकल सुरू केलं. मी खूश होऊन बहिणीला फोन केला. आणि त्याच आठवड्यात, २४ फेब्रुवारीला, ते गेल्याची बातमी आली. पुढे चाचा चौधरीचे जनक प्राण यांचंही तसंच. ते २०१४ च्या ऑगस्टमध्ये गेले आणि पद्मश्री मिळाली २०१५ मध्ये, मरणोत्तर. ज्यांनी दोन-तीन पिढ्यांना वाचायची गोडी लावली, त्यांच्या गळ्यात हार घालायला आपल्याला इतका उशीर का होतो?

आता थोडं आमच्या भिलाईबद्दल. सोव्हिएत मदतीने पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि नोकरीसाठी देशभरातून माणसं आली. आमच्या गल्लीत एक घर तेलुगू, एक बंगाली, एक मल्याळी, पलीकडे पंजाबी. आमचे बाबा विदर्भातून आलेले. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. मुलांचा खरा व्यवहार चालायचा कॉमिक्सचा. बाजारात पंचवीस-पन्नास पैशांत दिवसभरासाठी भाड्याने मिळायची आणि एकाने आणलेलं संध्याकाळपर्यंत पाच घरांत फिरून यायचं.

हे सगळं हिंदीत. मराठी इंद्रजाल यायचं ते नागपूरच्या आत्याकडून. नागपूर इथून रेल्वेने चार-पाच तासांवर. दिवाळीनंतर आत्या आली की पिशवीतून चिवडा, संत्राबर्फी आणि मराठीतले दोन-चार अंक निघायचे. ली फॉकचा फँटम इंद्रजालमधून १९६४ पासून भारतात घरोघरी पोहोचला. तीच कवटीची गुहा, तीच अंगठी, तेच डेंकालीचं जंगल. पण हिंदीत तो होता ‘वेताल’ आणि आमच्या मराठीत ‘वेताळ’. फरक एका अक्षराचा. मला मात्र वाटायचं, गल्लीतल्या सगळ्यांचा वेताल वेगळा आणि आत्याने आणलेला हा वेताळ फक्त आमचा!

हसू नका. परमुलखात वाढणाऱ्या मुलाला तो ‘ळ’ फार जपावा लागतो. शाळेतल्या हिंदीत तो नाही, मित्रांच्या तोंडी नाही. घरात आई-बाबा बोलतात तेवढाच कानावर पडतो. आज माझा आठ वर्षांचा भाचा ताटावर बसून म्हणतो, “मावशी, मला पोली नको, केली दे.” सगळे हसतात. मीही हसते, पण आत कुठेतरी टोचतं. बाबांनी जी भाषा आगगाडीत बसवून इथवर आणली, ती तिसऱ्या पिढीत अशी एकेक अक्षर गळत चालली आहे.

म्हणूनच कॉमिक कॉनचे फोटो मोठे करून मी काय शोधते, माहीत आहे? मराठी नाव. एखाद्या स्टॉलवर, एखाद्या मुखपृष्ठावर. इंग्रजी ढीगभर दिसतं. हिंदी दिसतं, कारण नागराज आणि ध्रुवचे चाहते अजून टिकून आहेत. मराठी काही माझ्या नजरेला पडत नाही. इंद्रजाल १९९० मध्ये बंद झालं. तोवर रामायण-महाभारताने घराघरांतली मुलं टीव्हीसमोर नेऊन बसवली होती. प्रकाशकांची अडचण मला कळते. चित्रं तीच राहिली तरी प्रत्येक भाषेसाठी फुग्यांतले संवाद नव्याने लिहायचे, वेगळं छापायचं, वेगळं विकायचं. घेणारे कमी झाले की पहिली कात्री आपल्यासारख्यांच्या भाषेलाच लागते.

मात्र या जत्रेवर नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. माझी लेक नोकरीसाठी पुण्यात असते. एका वर्षी तिने सुपर कमांडो ध्रुवचा निळा-पिवळा पोशाख स्वतः शिवला आणि घालून गेली. ध्रुव हा अनुपम सिन्हा यांचा नायक, १९८७ पासूनचा. अंगात कुठली जादू नाही, फक्त डोकं, हिंमत आणि मोटारसायकल! लेकीने रात्री फोन केला. म्हणाली, “आई, दिवसभर पोरं विचारत होती, तू कोण झालीस? शेवटी तुझ्या वयाचे एक काका धावत आले, ध्रुव ना, म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले गं.” त्या अनोळखी काकांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. अशा भेटीसाठी तरी जत्रा हवीच.

पण जत्रा संपते आणि भिलाईपर्यंत येत नाही. तोवर आम्ही काय करायचं? मी एक साधा उद्योग सुरू केला आहे, तुम्हालाही करून बघता येईल. जुन्या हिंदी कॉमिक्सच्या पानांची झेरॉक्स काढायची. संवादांच्या फुग्यांवर कोऱ्या कागदाचे तुकडे चिकटवायचे. मग मुलांनी आजीला विचारून त्यात मराठी लिहायचं. ‘भागो’ला काय लिहायचं, ‘पळा’ की ‘धावा’? यावर आमच्याकडे अर्धा तास वाद झाला. आईने निकाल दिला, “जीव वाचवायचा असेल तर पळा, बक्षीस हवं असेल तर धावा.” व्याकरणाच्या पुस्तकात हे सापडणार नाही.

भाच्याला आता ‘ळ’ मोजायचा नादच लागला आहे. एका पानात सात सापडले तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं. पोळीला तो अजूनही मधूनच पोली म्हणतो, पण म्हटल्यावर स्वतःच थांबतो आणि जीभ वळवून पुन्हा म्हणतो. शेजारची तेलुगू मुलगीही येऊन बसते. तिच्या भाषेत ‘ळ’ आहेच, त्यामुळे तिला तो पहिल्याच झटक्यात जमतो आणि भाच्याला ते अजिबात सहन होत नाही!

तेव्हा मंडळी, तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत जुने मराठी अंक पडले असतील तर रद्दीत घालू नका. मुलांना वाचून दाखवा, परगावच्या भाच्यांना पाठवा. कुणा चित्रकाराने, लेखकाने तुमचं बालपण रंगवलं असेल आणि तो आज हयात असेल, तर चार ओळी लिहून त्याला आत्ताच कळवा. पुरस्कार जेव्हा मिळायचा तेव्हा मिळेल, वाचकाच्या पत्राला मुहूर्त लागत नाही. आणि कॉमिक कॉनला जाणार असाल तर एवढंच करा, प्रत्येक स्टॉलवर एकदा तरी विचारा, “मराठीत आहे का हो?” दहा जणांनी विचारलं तर विकणारा विसरेल. हजारांनी विचारलं तर कुणीतरी छापायला घेईल.