वीस गुंठे

आमच्या घरात पत्र्याची एक जुनी पेटी आहे. तिच्यात जमिनीचे कागद आहेत. सर्वांत जुन्या कागदावर 'तालुका खानापूर, जिल्हा सातारा' असे लिहिलेले आहे. त्यानंतरच्या कागदावर 'दक्षिण सातारा', मग 'सांगली', आणि अलीकडच्या कागदांवर 'तालुका कडेगाव, जिल्हा सांगली'. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचे नाव सांगली पडले, पुढे खानापुरातून कडेगाव तालुका वेगळा निघाला. जमीन मात्र होती तिथेच आहे. चार एकर. बदलली ती तिच्यावरची नावे. पणजोबांच्या जागी आजोबा आले, आजोबांच्या जागी अब्बा. बाईचे नाव सातबाऱ्यावर कधी चढलेच नाही. एका जबाबाखाली एका बाईचा अंगठा मात्र आहे. तो आमच्या फुफूचा.

आमचे गाव कडेगावपासून जवळच, शे-दीडशे उंबऱ्यांचे. त्यात आमच्या समाजाची आठ घरे. आमचे घर माळवदाचे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर तुळया, त्यांवर किलचणे आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्याच्या दुपारी बाहेर माळ भाजत असला तरी आत रांजणासारखा गारवा. पावसाळा तोंडावर आला की अम्मा माळवदावर चढून नवी माती पसरी आणि चोपण्याने चोपी. पुढच्या सोप्यात दोन खांब. एका खांबाला अब्बांची पिशवी, दुसऱ्याला बैलांचा चाबूक. मागे परडे. परड्यात शेवगा, मेंदीचे एक झुडूप, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले अळू, शेळ्यांचे दावे, कोंबड्यांचे खुराडे आणि कोपऱ्यात उकिरडा. शहरातल्या वाचकांना हसू येईल, पण उकिरडा ही आमच्याकडे मालमत्ता होती. वाटणीच्या वेळी 'उकिरड्यातले खत कोणाचे' यावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबलेले आम्ही पाहिले आहेत.

जमीन तीन ठिकाणी. ओढ्याकाठची पट्टी एक एकर दहा गुंठे, घरामागचा तुकडा तीस गुंठे आणि उरलेले दोन एकर माळ. पट्टी काळी. तिच्यात शाळू असा यायचा की माणूस आत शिरला तर दिसत नसे. माळ मुरमाड. त्यावर बाजरी, हुलगा, मटकी, आणि पाऊस रुसला तर नुसती कुसळे. आजोबा गावचे मुलाणी होते. जत्रेला बकऱ्यावर सुरी फिरवायची, मशिदीत दिवा लावायचा, त्याबद्दल पट्टीतला काही भाग इनामाचा होता. १९५०च्या दशकात इनामे आणि वतने खालसा करणारे कायदे एकामागून एक आले आणि आमचे इनाम जाऊन आम्ही साधे खातेदार झालो. गावाने मात्र जत्रेचे बोलावणे बंद केले नाही. आजही करत नाही.

१९७२ च्या दुष्काळात याच चार एकरांचा काही उपयोग झाला नाही. आजोबा, आजी आणि तरण्या वयातले अब्बा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. सुकडी खाऊन दिवस काढले. फुफू तेव्हा लहान होती, पण तीही पाटी उचलायला जात असे. अब्बा सांगायचे की त्या वर्षी जमीन विकायला काढली असती तरी कोणी घेतली नसती. पोट सगळ्यांच्या मजुरीवर भरले आणि त्यात फुफूची मजुरी होती, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

आजोबा १९८६ साली गेले. वारस नोंदीच्या वेळी फुफूला तलाठ्यासमोर उभे केले. तिने काय सांगितले ते अम्माच्या तोंडून आम्ही कितीदा तरी ऐकले आहे. ती म्हणाली, "मेरेकू जमीन नको, मायका होना." सर्वांचे डोळे भरून आले. तिला लुगडे-चोळी झाली, गोड जेवण झाले, अंगठा उमटला.

साधारण २००० साली ती विधवा होऊन परत आली, सोबत बारा वर्षांचा मुलगा. आम्ही तेव्हा दहा-अकरा वर्षांचे असू. तिला कोणी ये म्हटले नाही आणि जा असेही म्हटले नाही. परड्याकडच्या पडवीत शेळ्यांशेजारी तिचे अंथरूण पडले. तिच्या ताटात भाकरी कधी कमी पडली नाही. पण तिला वेगळी चूल मांडायला हातभर जागा निघाली नाही. तीन वर्षांनी ती इचलकरंजीला गेली आणि यंत्रमागावर कांड्या भरू लागली. अब्बा वाईट माणूस नव्हते. पाच वेळचे नमाजी होते, कोणाची दमडी त्यांनी बुडवली नाही. त्यांना यात बुडवण्यासारखे काही दिसलेच नाही. फुफू २०१४ साली इचलकरंजीतच वारली. तिच्या मय्यतीला गेलो तेव्हा तिच्या खोलीत एका पिशवीत मेंदीची वाळलेली पाने सापडली. आमच्या परड्यातलीच असावीत.

मध्यंतरी शाळेत एक प्रसंग घडला. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि भूगोल दोन्ही शिकवतो. नकाशावर इंडोनेशिया दाखवत असताना एका मुलीने विचारले, "सर, वहाँ के मुसलमान भी खेती करते हैं क्या?" उत्तर नीट देता यावे म्हणून आम्ही जावा बेटाविषयी मिळेल ते वाचले. तिथलीही जमीन ज्वालामुखीची. आपली काळी मातीही लाव्हारसाच्या खडकातूनच झाली. फरक एवढाच की त्यांचे ज्वालामुखी अजून जिवंत आहेत आणि त्यांना पाऊस भरपूर. आम्ही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे, घराभोवती नारळ-केळी-बांबूंचे परडे. त्या परड्याला ते 'पकारंगन' म्हणतात.

पण आम्हाला खिळवून ठेवले ते वेगळ्याच गोष्टीने. जावाच्या गावांत वाटणीचा एक जुना रिवाज आहे, 'सपिकुल सगेंदोंगन'. मुलगा कावडीने ओझे वाहतो, म्हणून त्याला दोन बाजूंच्या दोन पाट्या. मुलगी कापडाच्या झोळीत पाठीवर वाहते, म्हणून तिला एक पाटी. सूरह निसामध्ये ठरवून दिलेले दोनास एक हेच प्रमाण त्या शेतकऱ्यांनी कावडीत आणि झोळीत मोजून ठेवले आहे. तिथे पुष्कळ ठिकाणी याच्याही पुढे जाऊन मुलगे-मुली सारखेच वाटून घेतात, आणि आईबापांजवळ राहिलेल्या मुलीकडे बरेचदा घर जाते. आमच्याकडे कावड आहे. झोळी मात्र रिकामी आहे.

आता पाण्याकडे येतो, कारण सगळे पाण्याने घडवले. बच्छावत लवादाने कृष्णेतले ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिले होते. ते २००० सालापर्यंत अडवायला हवे, या घाईत १९९६ साली कृष्णा खोरे महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू योजना सुरू झाली. कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी अडवायचे, ते पंपांनी टप्प्याटप्प्याने वर उचलायचे आणि कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या माळांवर आणायचे. आम्ही शाळेत असताना लोक या योजनेची थट्टा करीत. पुढे पाणी खरेच आले. पाटाची वाट माळाच्या अंगाने गेली आणि ज्या दोन एकरांवर शेळीसुद्धा मन लावून चरत नव्हती, त्यांत ऊस उभा राहिला. वांगीच्या सोनहिरा कारखान्याच्या ट्रॉल्या आमच्या दारावरून जाऊ लागल्या. माळाला भाव आला. आणि भावाबरोबर बहिणींच्या सह्यांची आठवण आली.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. राज्ये पाण्याच्या वाट्यासाठी वर्षानुवर्षे लवादापुढे भांडतात, त्यांना कोणी लोभी म्हणत नाही. बहिणीने वाटा मागितला तर मात्र गावभर होते.

अब्बा डिसेंबर २०२२ मध्ये गेले. मागे अम्मा, आम्ही दोघे भाऊ आणि तीन बहिणी. चाळिसावा झाला आणि तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज गेला. फेरफारात सहाही नावे आली. भाईजान म्हणाला, "आता बहिणींचं हक्कसोडपत्र करून घेऊ." त्याने एका वकिलाला विचारले होते. १९३७ च्या शरीयत कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमिनीचा विषय बाजूला ठेवलेला आहे, असे त्याला समजले. हे खरेच आहे. पण कायद्याने जे बाजूला ठेवले ते अल्लाहनेही बाजूला ठेवले, असा अर्थ भाईजानने काढला. निकाहाला, तलाकला शरीयत, आणि उसाला मात्र सरकार! आम्ही तसे बोललोही. बोलायला नको होते.

कारण भाईजानची बाजूही ऐकण्यासारखी आहे. तो शिकला नाही म्हणून आम्ही शिकलो. आमच्या बी.एड.ची फी मटकी आणि दोन शेळ्या विकून भरली गेली. पाइपलाइनचे कर्ज सोसायटीत त्याच्या नावावर आहे. अब्बांच्या शेवटच्या आजारात रात्री तो उठला, आम्ही नाही. "तुझा पगार दर महिन्याला येतो. जमीन वाटायला तुझं काय जातंय?" असे तो म्हणाला. याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. शिवाय, "एवढे तुकडे करून खायचं कोणी?" हाही त्याचा प्रश्न. १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे, तो उगाच नाही.

घरी येऊन हे सांगितले तर आमची पत्नी म्हणाली, "माझ्या वेळी कुठं होता तुम्ही?" २०१६ साली तिच्या माहेरी असेच हक्कसोडपत्र झाले. मोटारसायकलवर बसवून तिला निबंधकाच्या कचेरीत आम्हीच नेले होते. साडी मिळाली, आम्हाला शर्टपीस मिळाले. दोन्ही घेऊन आम्ही खुशीत परत आलो. त्या दिवशी कचेरीत पुढे एक पाटलांची सून होती, मागे एक माळ्याची लेक, मधे आम्ही. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली साऱ्या देशाने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, तरी रांग तीच. कडेगावच्या ऐक्याची ही बाजू कोणी वर्तमानपत्रात छापत नाही.

छापतात ती ताबुतांची. तीही खोटी नाही. शंभर फुटांहून उंच बांबूचे ताबूत, त्यांत हिंदू घराण्यांचेही ताबूत, आणि दोरखंड ओढायला सगळे गाव. मोहरमला लेकी माहेरी येतात. २०२३ च्या मोहरमला आमच्या तिन्ही बहिणी आल्या. ताबुतांच्या भेटी पाहून परत आल्यावर रात्री सोप्यात सगळे बसले. आम्ही पाटी-पेन्सिल घेतली. गणिताच्या मास्तराला एवढेच येते. चार एकर म्हणजे एकशे साठ गुंठे. बेवेला आठवा हिस्सा, म्हणजे अम्माला वीस. राहिले एकशे चाळीस. दोन भावांचे दोन-दोन आणि तीन बहिणींचे एक-एक, मिळून सात भाग. एक भाग वीस गुंठ्यांचा. म्हणजे प्रत्येक बहिणीला वीस, प्रत्येक भावाला चाळीस. बाकी शून्य. इतके सुबक उदाहरण आम्ही वर्गातही कधी घातले नव्हते.

सगळे पाटीकडे बघत राहिले. थोरली आपा, कराडची, म्हणाली, "मेरेकू जमीन नको, मायका होना." शब्द न शब्द तोच. फुफूच्या जबाबाचा कागद आम्ही तिच्यापुढे ठेवला. तिने अंगठ्याच्या खुणेवरून हात फिरवला आणि गप्प बसली. मिरजेची म्हणाली, "सही नंतर बघू. नाव राहू दे." धाकटीने विचारले, "माझे वीस कुठले? माळाचे की पट्टीतले?" भाईजान उठून गोठ्यात गेला.

आपाने दिवाळीच्या सुट्टीत येऊन सही केली. तिची मर्जी. तिच्या घरी पुरेसे आहे आणि तिला भाऊ दुखवायचा नव्हता. दोघींनी केली नाही. त्यांची नावे आहेत, जमीन भाईजानच कसतो, सुगीला दोन-दोन पोती शाळू त्यांच्याकडे जातो, उसाच्या पैशाचा हिशेब अजून ठरलेला नाही. भाईजान आमच्याशी मोजके बोलतो. ईदला गळाभेट झाली, पण खांदे ताठ होते.

त्या रात्रीची एक गोष्ट राहिली. अम्मा सगळा वेळ खांबाला टेकून सुपारी कातरत होती. बहिणी निजायला गेल्यावर तिने विचारले, "मेरे कित्ते बोला रे तू?"

"वीस गुंठे."

"काँ से काँ तक?"

आम्ही म्हणालो, ते अजून ठरायचे आहे. ती काही बोलली नाही. सकाळी फजरनंतर चहा न घेता तिने चप्पल घातली. आम्ही मागोमाग निघालो. पन्नास वर्षे ज्या पट्टीत तिने खुरपणी केली, तिच्या बांधावरच्या लिंबापाशी ती थांबली. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, असे आम्ही सांगू लागलो तर तिने हातानेच गप्प केले. पदर खोचून ती ओढ्याच्या दिशेने पावले मोजत निघाली. मोजताना ओठ हलत होते. मधेच आकडा चुकला, तशी ती लिंबापाशी परत आली आणि पुन्हा एकपासून मोजू लागली.