माळ्यावरचा देव

ॲमस्टरडॅममध्ये घरं पाहायची तर मान वर करून चालावं लागतं. कालव्याकाठी एकमेकांना चिकटून उभी असलेली ही विटांची घरं समोरून दोन-तीन खिडक्यांपुरती, आत मात्र पेठेतल्या वाड्यासारखी खोलच खोल. प्रत्येकाच्या कपाळावर एक तुळई पुढे आलेली आणि तिला लोखंडी आकडा. जिने इतके अरुंद की कपाट काही त्यावरून चढायचं नाही. मग आकड्याला कप्पी लावायची आणि दोराने ओढून खिडकीतून आत घ्यायचं. व्यापाऱ्यांचा माल असाच माळ्यावर जाई.

आउडझाइड्स व्होरबुर्खवाल या कालव्यावरच्या एका घरात मात्र मालाच्या जागी देव गेला.

१६६१ साली यान हार्टमन या जर्मनीहून आलेल्या कापडाच्या व्यापाऱ्याने हे घर घेतलं, शिवाय मागच्या गल्लीला लागून असलेली दोन घरंही. हार्टमन कॅथलिक होता. १५७८ साली शहर प्रोटेस्टंटांच्या हाती गेलं, कॅथलिकांची चर्चं काढून घेतली गेली आणि त्यांच्या उघड उपासनेवर बंदी आली. दोन मिनिटांवर असलेलं जुनं चर्च, आउडे केर्क, मूळचं संत निकोलसचं, तेही गेलं. हार्टमनने मग तिन्ही घरांचे माळे एक केले आणि १६६३ पर्यंत तिथे चर्च उभं राहिलं.

आत शिरल्यावर आधी लागते ती बैठकीची खोली. पिळाचे खांब असलेली शेकोटी, चौकटींचं लाकडी छत, सगळं डाव्या-उजव्या तोलात मांडलेलं. पाहुण्याने इथे बसावं, यजमानाची ऐपत पाहावी आणि निघावं. पुढे जिना शिडीसारखा उभा होतो. वाटेत धर्मगुरूची खोली, म्हणजे भिंतीतल्या कपाटात बसवलेला बिछाना. आणखी काही पायऱ्या चढलो आणि दारातच थबकलो.

समोर दीडशे माणसं मावतील असं चर्च! वरच्या मजल्यांच्या जमिनी मधोमध कापून दोन्ही बाजूंना सज्जे ठेवले आहेत आणि ते लोखंडी सळयांनी पेलले आहेत. वेदीमागे याकोब डी विट या चित्रकाराचं येशूच्या बाप्तिस्म्याचं चित्र. जागा वाचवायला प्रवचनाचा मंच वेदीच्या खांबात दडवलेला. लागेल तेव्हा फिरवून बाहेर काढायचा. आणि मागे चक्क ऑर्गन, १७९४ सालचा.

ऑर्गन पाहिला आणि एवढं मोठं चर्च लपलं कसं, हे कोडं सुटलं. लपूनछपून चाललेल्या प्रार्थनेला कोणी ऑर्गन लावतं का? गल्लीतून इतकी माणसं आत जाताना शेजाऱ्यांना दिसली नसतील? सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. अट एवढीच, की रस्त्यावरून चर्च दिसता कामा नये. मराठीत याला नेमका शब्द आहे, कानाडोळा. हे घर म्हणजे कानाडोळ्याचं वास्तुशिल्प.

तिथल्या बाकावर बसल्यावर मला गोव्यातला आमचा देव मंगेश आठवला. १५६० च्या सुमाराला साष्टीत पोर्तुगीज देवळं पाडू लागले, तेव्हा महाजनांनी कुशस्थळीचं लिंग नदीपलीकडे प्रियोळला नेलं. तिथे देव हलवायला लावणारे कॅथलिक. इथे अठरा वर्षांनी देवळं गमावणारेही कॅथलिक. दोन्हीकडचे देव हलले. आमच्या देवाला पलीकडच्या तीरावर दुसऱ्या राजाचा मुलूख तरी होता. यांच्या देवाला त्याच गावात राहायचं होतं, म्हणून तो जिना चढला.

१८८७ साली स्टेशनासमोर संत निकोलसचं नवं, घुमटाचं, राजरोस चर्च झालं आणि माळा रिकामा झाला. पुढच्याच वर्षी घराचं संग्रहालय झालं, म्हणून ते वाचलं.

बाहेर आलो, कालवा ओलांडला आणि वळून पाहिलं. विटा, खिडक्या, शेंड्याला आकडा. एवढं पाहून आल्यावरही समोरून ते घर आपलं व्यापाऱ्याचंच वाटत होतं.