ठेवलेली नावं

5 ऑक्टोबर 2025, रविवार. कागल

दसरा झाला, दिवाळीची झाडलोट सुरू. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली, तर तळाशी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला व्हिडिओ गेम. 1996 च्या दिवाळीत बोनस मिळाला तेव्हा आण्णांनी कोल्हापुरातून आणलेला. दोन रिमोट, एक बंदूक, एक पिवळी कॅसेट. कंट्रोलर आणि कार्ट्रिज हे शब्द आमच्या गल्लीत फार उशिरा पोचले. डब्यावर कंपनीचं नाव नाही. त्या काळी समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी असले डबे विकले जात. मूळ यंत्र जपानचं, निन्टेन्डोनं 1983 साली काढलेलं फॅमिकॉम. आमचा डबा बहुधा नकलेची नक्कल.

कॅसेटवर छापलंय, 9999999 इन 1. एका मे महिन्यात दादानं आणि मी ही यादी शेवटपर्यंत बघायचा पण केला होता. सेकंदाला एक नाव वाचलं तरी अखंड जवळजवळ 116 दिवस लागले असते. खरे गेम मोजून दहा-बारा. पुढं त्यांनाच नवनवी नावं चिकटवलेली. कुठं मारिओ दुसऱ्या टप्प्यापासून सुरू, कुठं चौथ्या. नाव बदललं की गेम नवा, हे आम्ही बिनतक्रार मान्य केलं होतं.

6 ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी

दूध आटेपर्यंत बैठकीतल्या सपाट टीव्हीला वायर जोडून पाहिली. चित्र आलं! मारिओ धावायला लागला. आई दुधाचा पेला घेऊन शेजारी टेकली. थोडा वेळ बघून म्हणाली, "हे झुडूप म्हंजे वरला ढगच की रं. नुसता हिरवा केलाय."

गेम थांबवून नीट पाहिलं. तंतोतंत तोच आकार. एवढ्या वर्षांत मला दिसला नव्हता. आईनं जन्मभर लोकांचे ब्लाउज शिवले. अपुऱ्या कापडात कसं भागवायचं हे तिला कळतं. 1985 चा हा अख्खा गेम 40 किलोबाइटात बसवलेला आहे. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा. तेव्हा एकच बेतलेला तुकडा रंग फिरवून दोन ठिकाणी लावलाय.

नंतर बदकं मारायचा गेम लावून बंदूक घेतली. एक बदक पडेना. गवतातनं कुत्रा वर येतो आणि हसतो. आईही हसली.

8 ऑक्टोबर, बुधवार

बंदूक घेऊन गैबी चौकाजवळच्या दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं ती उघडून पाहिली. "सर, बंदूक ठणठणीत हाय. टीव्ही नवा हाय, ही अडचण."

मग समजावून सांगितलं. बंदुकीतनं काहीच सुटत नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. डोळ्याला तो त्याच क्षणी दिसला, तर नेम लागला. जुना डबा टीव्ही चित्र आल्या आल्या काढायचा. नवा आधी ते आपल्या परीनं जुळवून घेतो, मग दाखवतो. तेवढ्यात यंत्राची वाट बघून संपलेली असते. म्हणजे लहानपणी आम्ही बदकांना मारत नव्हतो, बदकं बंदुकीला दिसत होती.

कॅसेट अडकली की फुंकर मारायची, हा आमचा मंत्र. तोही त्यानं मोडीत काढला. "फुंकरीनं थुकी जाती आत, पत्री गंजत्यात. काढून परत घातल्यानं चालायचं ते." त्यानं पत्र्या खोडरबरानं घासून दिल्या. पैसे घेतले नाहीत. सवयीनं मी निघताना फुंकर मारलीच.

10 ऑक्टोबर, शुक्रवार

रात्री कॉन्ट्रा हा गेम लावला. बोटांना अजून पाठ आहे: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीन ऐवजी तीस जीव. पाढ्याच्या चालीत म्हणायचो आम्ही. दादानं हा मंत्र वर्गातल्या एकाकडून वीस गोट्या देऊन मिळवला आणि गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवला. त्या मुलानं सांगितलं होतं, मुंबईच्या मामानं शोधलाय.

शोधणारा होता कोनामी कंपनीतला काझुहिसा हाशिमोतो. 1986 साली ग्रेडियस या गेमची घरगुती आवृत्ती करताना तो गेम त्याला स्वतःलाच जमेना. तपासणीसाठी त्यानं ही पळवाट ठेवली आणि ती तशीच राहून गेली. फेब्रुवारी 2020 मध्ये तो वारला.

आज यादी पुढं सरकवताना कळलं, आमच्या कॅसेटमध्ये एका भलत्याच नावाखाली तीस जिवांचा कॉन्ट्रा तयार होता. वीस गोट्या पाण्यात.

11 ऑक्टोबर, शनिवार

दादा पुण्याहून पोराला घेऊन आला. गोट्यांचं ऐकून आधी चिडला, मग मुस्तफावर घसरला. कोल्हापुरात स्टँडजवळच्या पार्लरात रुपयाचं नाणं टाकून खेळायचो तो. पडद्यावर इंग्रजीत भलं मोठं नाव असायचं, ते कुणी वाचलं नाही. टोपीवाला, चपळ, पळत येऊन उडती लाथ घालणारा गडी सगळ्यांना आवडायचा. त्याचं नाव मुस्तफा, म्हणून गेमही मुस्तफाच.

खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. कॅपकॉमनं 1993 साली काढलेला, मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिकवर बेतलेला. त्याचा नायक जॅक. मुस्तफा कैरो हा त्याचा जोडीदार. पण भारतभर पोरांनी जोडीदाराला नायक करून टाकलं. व्हिडिओ गेमचे इतिहास मी अलीकडं आवडीनं वाचतो. त्यांत मूळ यंत्रं, मूळ खोके, मूळ नावं असतात. आमच्याकडं खोकाच आला नाही, माहितीपुस्तिका आली नाही. म्हणून नावं आम्हीच ठेवली. लोक नकलेला नावं ठेवतात. आम्ही नकलेची नावं ठेवली.

12 ऑक्टोबर, रविवार

दुपारी पुतण्या मारिओ खेळत होता. मध्येच त्याची नजर कपाटावर गेली. "काका, तुमच्याकडं झोंबीचं पुस्तक?" त्याच्या मोबाइलवर चालती प्रेतं मारायचा गेम आहे, त्याला हे तेच वाटलं.

पुस्तक आनंद यादवांचं, 1987 सालचं. त्याच वर्षी कॉन्ट्रा पार्लरांत आला. यादव इथलेच, 1935 साली कागलात जन्मले. 'झोंबी'ला 1990 मध्ये साहित्य अकादमी मिळाला. हे सगळं मी सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"ह्यात किती मारायचे?"

"कुणालाच नाही. पोराला शिकायचंय, बाप शाळेत जाऊ देत नाही, शेतात राबवतो. त्याची बापाशी झोंबी."

"लाइफ किती त्याला?"

"एकच."

त्यानं स्टार्टचं बटण दाबून मारिओला हवेतच थांबवलं. म्हणाला, "का जाऊ देत नव्हता बाप?"