एक ब्रास म्हणजे किती, ठाऊक आहे?

जून महिन्यापासून मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटलेय. शेवटी घरातले म्हणाले, आता लिहूनच काढ. तर लिहिते. गोष्ट रस्त्याची आहे! मळ्यातल्या आमच्या घरापासून पाणंदीपर्यंतचा १२० फूट लांब आणि १० फूट रुंद खडीचा रस्ता. जन्मभर रस्त्यांवरून चालले, एसटीनं हिंडले, पण पायाखाली नेमकं काय अंथरलेलं असतं हे कधी वाकून बघितलं नव्हतं. आता दिसेल त्या रस्त्याच्या कडेला थांबते, खडीचा तुकडा उचलते आणि त्याच्या कडांवरून बोट फिरवते.

आमचा मळा पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या काळ्याभोर जमिनीत. उसाला सोनं अशी माती. पण घरापर्यंत यायचं म्हटलं की हीच माती वैरीण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. जुलै-ऑगस्टात गाडी पाणंदीलाच लावायची, चपला हातात घ्यायच्या आणि पिंढरीएवढ्या चिखलातून घर गाठायचं. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर दोघांनी खुर्चीवरून उचलून न्यायचं. दोन वर्षांपूर्वी चार ट्रॉल्या मुरूम आणून नुसता पसरला होता. मे महिन्यात काय देखणा दिसत होता! श्रावणात शोधून सापडेना. मग एका ठेकेदाराकडून काँक्रीटचा अंदाज घेतला, तो निघाला पावणेदोन लाख. विषय तिथंच मिटला.

आणि मग गावातले एक मामा आले. सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून उभी हयात काढलेला माणूस. मला वाटलं, येतील, टेप लावतील, इतक्या ट्रॉल्या लागतील म्हणून सांगतील. मामांनी टेप काढलीच नाही. "सूनबाई, एक कळशी पाणी आण," म्हणाले. ती कळशी त्यांनी आमच्या उंबऱ्यासमोर सावकाश ओतली आणि पाणी कुठं जातंय ते उकिडवं बसून बघत राहिले. पाणी घरापासून निघालं आणि गाडीच्या दोन चाकोऱ्यांतून थेट रस्त्याच्या मधूनच वाहत गेलं. "बघितलंस? ह्यो रस्ता न्हाई, ह्यो ओढा हाय. मुरूम कुठं गेला न्हाई, खाली चिखलात हाय. आधी पाण्याला वाट दे, मग गाडीला."

अंगावर काटा आला माझ्या. इतकी वर्षं आम्ही वरून काय टाकायचं याचाच विचार करत होतो!

त्या दिवसापासून मला नाद लागला. गावाबाहेरच्या रस्त्यावरच्या फलकांवर 'डब्ल्यूबीएम' हे शब्द मी शेकडो वेळा वाचले असतील. भाच्यानं सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, त्याला विचारलं. तो म्हणाला, "वॉटर बाउंड मॅकॅडम." आणि हा मॅकॅडम म्हणजे खरोखरचा एक माणूस! जॉन लाउडन मॅकॅडम, स्कॉटलंडमधल्या एअर गावी १७५६ साली जन्मलेला. १८१६ साली त्याच्याकडे ब्रिस्टलच्या रस्त्यांचं काम आलं. रस्ता भक्कम हवा तर तळाशी मोठमोठे दगड बसवायला हवेत, अशी तेव्हाची समजूत. मॅकॅडमनं सांगितलं की कितीही वजन असू दे, शेवटी ते पेलते खालची मातीच, आणि माती कोरडी राहिली तर ती बिनतक्रार पेलते. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच घ्यायचा, मधोमध किंचित फुगवटा द्यायचा, कडेनं चर काढायचे आणि वर लहान लहान फोडलेल्या, टोकदार खडीचं छप्पर घालायचं. छप्पर! खडी हे मातीवर घातलेलं छप्पर आहे! आमचे मामा कळशीभर पाणी ओतून जे सांगत होते तेच हा स्कॉटिश माणूस दोनशे वर्षांपूर्वी सांगून गेला होता, आणि मामांनी त्याचं नावही कधी ऐकलेलं नव्हतं. 'डब्ल्यूबीएम'चे रस्ते मात्र त्यांनी जन्मभर राखले होते.

मॅकॅडमची खडी हातोडीनं फोडली जायची आणि एक दगड साधारण १७० ग्रॅमपेक्षा जड चालायचा नाही. टोकदार का, तर गोल दगड एकमेकांवरून घरंगळतात आणि कडा असलेले दगड एकमेकांत अडकतात. मी घरीच करून बघितलं. एका घमेल्यात नदीतले गुळगुळीत गोटे घेतले, दुसऱ्यात क्रशरची खडी. दोन्हींत तळवा दाबला. गोटे बाजूला सरकले आणि हात आत गेला. खडीनं मात्र हात वरच धरला, तळव्यावर तिचे कोपरे उमटले. त्यानंतर किर्लोस्करवाडी स्टेशनवर गाडीची वाट बघताना रुळांखालच्या खडीकडं बघतच राहिले. एवढी धडधडत जाणारी गाडी, आणि तिच्याखाली हाच आपला काळा दगड, असाच कोपऱ्याला कोपरा अडकवून बसलेला. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या रसातून थिजलेला हा दख्खनचा बेसाल्ट आपल्या उशापायथ्याशी पडलाय, आणि मुरूम म्हणजे तोच दगड झिजून, कुजून भुसभुशीत झालेला. दोघंही एकाच घरातले.

आता हिशेब. इथं मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. मुरूम, खडी, कच म्हणजे दगडाचा बारीक चुरा, सगळं ब्रासवर मिळतं आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. १० फूट लांब, ५ फूट रुंद, २ फूट उंच ट्रॉली काठोकाठ भरली की एक ब्रास. ट्रॉली आली की आधी आतून टेप लावायची, हे मामांनी मला बजावून ठेवलं होतं. आणि माल सैल येतो, रोलरखाली बसतो, म्हणून हिशेबापेक्षा पाव ते तिसरा हिस्सा जास्त धरायचा.

आमचा रस्ता १,२०० चौरस फूट. जेसीबीनं ९ इंच काळी माती काढली, म्हणजे ९ ब्रास. ती सगळी लिंबाच्या बागेत गेली. उघड्या पडलेल्या तळालाच मधून दोन्हीकडं उतार दिला. मधली रेषा कडांपेक्षा २ इंच उंच, म्हणजे ५ फुटांत २ इंच. पाणसळ आणि दोरी घेऊन दर १० फुटांवर खुंट्या ठोकल्या होत्या, आणि हा उतार प्रत्येक थरात तसाच वर आणायचा. तळावर जिओटेक्स्टाईल अंथरलं. हे जाड नमद्यासारखं कापड असतं. पाणी त्यातून पाझरतं, पण खालची काळी माती वरच्या दगडात घुसत नाही आणि दगड खाली मातीत रुतत नाही. आमचा आधीचा मुरूम याच्याविना गेला होता. त्यावर ६ इंच मुरूम, त्यावर ४ इंच दीड इंची खडी, फटींत कच, आणि सगळ्यांत वर २ इंच पाऊण इंची खडी. बेरीज १२ इंच. म्हणजे रस्ता जमिनीपेक्षा मधोमध ३ इंच वर.

पैसे सांगते, कारण मला कोणी नीट सांगितले नव्हते. मुरूम ८ ब्रास, १,८०० रुपयांनी १४,४००. दीड इंची खडी ५ ब्रास, ३,२०० नी १६,०००. पाऊण इंची २ ब्रास ७,०००. कच एक ब्रास २,८००. कापड ६,२५०. जेसीबी ७ तास, तासाला १,२०० प्रमाणे ८,४००. रोलर एक दिवस ७,०००. चार माणसं दोन दिवस, ५,६००. पाणंदीला लागताना चरावर मोरी हवी, तिच्या दोन पाईपना ५,०००. एकूण ७२,४५०! चौरस फुटाला साधारण ६० रुपये. काँक्रीटच्या निम्म्याहून कमी. हे आमच्या मळ्यातले, आमच्या खाणीच्या अंतराचे दर आहेत. एक ब्रास खडीचं वजन चार टनांच्या वर जातं, त्यामुळे क्रशर लांब असेल तर दगडापेक्षा डिझेलचेच पैसे जास्त होतात. शिवाय दरात सरकारचं स्वामित्वधन असतं. २०२१ साली ते ब्रासला ४०० वरून ६०० रुपये झालं. म्हणून गाडीवाल्याकडं वाहतुकीचा पास मागायला लाजू नका. पास असलेला माल थोडा महाग वाटतो, पण कुणाचा ओढा किंवा डोंगर चोरून आणलेला नसतो.

मुरूम घेताना एक परीक्षा करा, पाच मिनिटांचं काम आहे. काचेच्या बरणीत निम्मा मुरूम, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. दगडाचे कण झटकन खाली बसतात, माती वर गढूळ तरंगून सावकाश बसते. पहिल्या ठिकाणच्या मुरुमात मातीचा थर जवळजवळ निम्मा निघाला. तो मी घेतलाच नाही. थोडी माती लागतेच, तिच्याशिवाय मुरूम धरत नाही, पण निम्मी माती म्हणजे पैसे देऊन विकतचा चिखल.

रोलरचा दिवस मी विसरणार नाही. मुरूम पसरल्यावर त्यावर पाणी मारलं, इतकंच की मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि बोटांतून पाणी गळू नये. आठ टनी रोलर आधी एका कडेनं गेला, मग दुसऱ्या कडेनं, मग हळूहळू मधे सरकला. मधून सुरुवात केली तर माल कडेला पळतो आणि फुगवटा जातो. खडीच्या थरावर रोलर फिरता फिरता आधी करकर आवाज येत होता, तो हळूहळू बंद झाला. मग मामांनी खडीचा एक तुकडा घेऊन रोलरच्या पुढं ठेवला. "आत रुतला तर अजून फेऱ्या मारायच्या. फुटला तर काम झालं." रोलर वरून गेला. आम्ही सगळे धावलो. तुकड्याचा पांढुरका भुगा झाला होता आणि खालची खडी जागची हलली नव्हती. टाळ्या वाजवल्या मी, अगदी लहान पोरीसारख्या.

वरचा थर २ इंचांचाच ठेवा, हे हात जोडून सांगते. दिसायला छान म्हणून चार-पाच इंच बारीक खडी ओतली की सायकल, दुचाकी, म्हातारं माणूस सगळेच त्यात अडखळतात. कडेला आम्ही विहिरीच्या खुदाईतले डबर ओळीनं गाडले, म्हणजे खडी शेतात पसरत नाही. चर मात्र दोन्ही बाजूंना फूटभर खोल, थेट ओढ्यापर्यंत उतार काढत नेलेले. चर खणायला दोनच माणसं अर्धा दिवस लागली. सगळ्या कामातलं सगळ्यात स्वस्त काम तेच, आणि सगळा रस्ता उभा आहे तो त्या चरांवर.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मला झोप लागेना. बॅटरी घेऊन पायरीवर जाऊन उभी राहिले. पाऊस कोसळत होता. उजेडात दिसत होतं, पाणी मधल्या फुगवट्यावरून दोन्हीकडं वाटलं जात होतं, खडीतून झिरपून चरात उतरत होतं आणि चरातून खळाळत ओढ्याकडं चाललं होतं. रस्त्यावर एक डबकं नव्हतं. सकाळी सासूबाई काठी टेकत, पायात चपला घालून, पाणंदीपर्यंत चालत गेल्या आणि चालतच परत आल्या. चपलांना चिखल नव्हता.

दरवर्षी पावसाळ्याआधी दाताळ्यानं खडी ओढून चाकोऱ्या भरायच्या, चरातला गाळ काढायचा, लागली तर अर्धा ब्रास खडी घालायची. एवढीच याची देखभाल. तुमच्याही घरासमोर चिखल असेल तर एक करा. खडीवाल्याला फोन करण्याआधी एक कळशी पाणी उंबऱ्यासमोर ओता आणि ते कुठं जातंय ते बघा. आणि काम एप्रिल-मेमध्येच उरका. माती ओली झाली की रोलर आणून काही उपयोग नाही.