नऊ एकांचा चढ

गर्दी, धिमी लोकल आणि फडके रोडवरची दिवाळी पहाट यांपलीकडे डोंबिवलीच्या खात्यावर काही जमा असेल असं वाटलं नव्हतं. तर चक्क संख्या निघाल्या. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना त्या जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्टेशनावर सुचल्या, आणि स्टेशनाचं नाव त्यांनी संख्यांना देऊन टाकलं: डेम्लो. म्हणजे आजची डोंबिवली, असं सांगतात.

त्यांतली सर्वांत देखणी १२३४५६७८९८७६५४३२१. मधला नऊ बाजूला काढा आणि उरलेले दोन तुकडे मिळवा: १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९. सगळ्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकर 'हर्षद' म्हणत. भागाकार येतो तो १२३४५६७९चा वर्ग. या १२३४५६७९मध्ये आठ नाही, पाहिलंत?

नऊ एकांना नऊ एकांनी गुणलं की ही संख्या येते. आमचे मामा हा गुणाकार लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर करायचे. ट्रेझरीतले कारकून, बेरीज एकदा वरून खाली, एकदा खालून वर, आणि दोन्ही जुळल्याशिवाय पान उलटायचं नाही. मामी ताट वाढून बसलेल्या असत. मामा नऊ एक लिहीत, खाली तीच ओळ एक घर डावीकडे सरकवून, तिच्याखाली पुन्हा तशीच. नऊ ओळी तिरक्या उतरल्या की पेन्सिलीचं टोक जिभेला लावून उजवीकडून उभ्या बेरजा: एक, दोन, तीन… मधल्या घरात नऊ, तिथून पुन्हा उतार. "बघ, हातचा नाहीच!" कारकुनाला याहून मोठं सुख नसावं. मी म्हटलं, "मामा, आता दहा एक घ्या." घेतले. मधल्या घरात दहा आले, हातचा डावीकडच्या नवात गेला, तिथेही दहा, पुढच्या आठाचे नऊ. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढावरचा आठ बेपत्ता. मामांनी पत्रिका उलटी केली आणि वधूवरांची नावं वाचत बसले.

केंब्रिजच्या हार्डीला असल्या गमती मानवत नसत. ८७१२ म्हणजे २१७८ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ची नऊपट. दोन्ही आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत. हे कोडेवाल्यांना शोभेल, गणित्याला त्यात काही नाही, असं त्याने १९४०च्या पुस्तकात बजावलं. तत्त्वतः खरंच आहे. हा सारा थाट दशमानाचा, आणि दशमान आपल्या बोटांमुळे. पण तत्त्वतः खऱ्या माणसांबरोबर लोकलचा प्रवास कंटाळवाणा होतो. माझं मत कापरेकरांना.

बोटं आठच असती, तर अष्टमानात हा चढ सात एकांवरच संपला असता. मामा लवकर जेवायला उठले असते. मामींना हार्डी पटला असता.