टेक्सासचा बर्फ, अंधार आणि बेसबॉल

टेक्सास म्हटले की उन्हात तापलेले माळरान, गुरांचे कळप आणि रुंद टोप्या घातलेले पुरुष डोळ्यांपुढे येतात. चित्र अगदीच खोटे नाही. आम्ही राहतो ते ऑस्टिन राजधानीचे शहर खरे, पण इथेही वर्षातले पाच-सहा महिने घाम पुसण्यातच जातात. थंडी म्हणाल तर सकाळी शाल, दुपारी पंखा. त्यामुळे घरे बांधायची ती उन्हाळ्याचा विचार करून. पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतींतून नाहीतर माळ्यावरून फिरवलेले, आणि कितीतरी घरांत चूलही विजेची, ऊबही विजेचीच. एवढ्याशा गोष्टीवरून फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे केवढे रामायण घडले ते सांगते.

आमच्या शेजारी एका लहानशा कॉलेजचे बेसबॉल कोच राहतात. मुले त्यांना नुसते 'कोच' म्हणतात, म्हणून गल्लीत आम्हीही. त्यांच्या बायकोला आमच्या घरात गमतीने 'कोचीणबाई' असे नाव आहे. (तिला ते सांगितले, तर तिला फारच आवडले!) बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊ समजा. नऊ गडी, नऊ डाव, आणि सगळी मदार पिचरवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर. हा पिचर हात वर नेऊन असा काही जीव खाऊन फेकतो की बघणाऱ्याचाच खांदा दुखावा. कोपरातला स्नायुबंध तुटला तर शस्त्रक्रिया करावी लागते. ती पहिल्यांदा १९७४ साली डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या खेळाडूवर केली, म्हणून तिला त्याचेच नाव पडले आहे. पुन्हा पूर्वीसारखे फेकायला वर्ष तरी जाते. म्हणून शहाणा कोच जानेवारीपासून मुलांचे चेंडू मोजून देतो. आज वीस, पुढच्या खेपेला तीस, असे चढवत न्यायचे. लहान बाळाला वरचे अन्न सुरू करतो ना, तसेच.

कॉलेजांचे सामने त्या वर्षी १९ फेब्रुवारीला सुरू व्हायचे होते. आदल्या वर्षी, मार्च २०२० मध्ये, करोनामुळे अर्धाअधिक हंगाम बुडाला होता. ज्यांचे शेवटचे वर्ष होते, त्यांना आणखी एक वर्ष खेळायची सवलत मिळाली. कोचचा एक पिचर त्यातलाच. मुलगा गरिबाघरचा. एका दुकानात रात्रपाळी करून त्याने ते जादा वर्ष पदरात पाडून घेतले होते. अकरा महिने तो त्या शुक्रवारची वाट पाहत होता.

आणि त्याच आठवड्यात बर्फ पडला! रविवारी रात्री, १४ तारखेला, सहा इंचांच्या वर. ऑस्टिनने १९४९ नंतर एवढा बर्फ पाहिला नव्हता. त्या सुमारास जवळजवळ सहा दिवस पारा शून्याच्या वर आलाच नाही. रविवारी मध्यरात्र उलटून तास-दीड तास झाला असेल-नसेल, तोच वीज गेली.

झाले होते असे की, टेक्सासने आपली विजेची जाळी देशाच्या इतर भागांपासून वेगळी ठेवलेली आहे, केंद्र सरकारचे नियम लागू नयेत म्हणून. त्यामुळे अडीनडीला शेजारच्या राज्यांकडून फारशी वीज घेता येत नाही. इकडे घरोघर हीटर लागलेले आणि तिकडे गॅसच्या विहिरी, वाहिन्या गोठलेल्या, वीजकेंद्रे एकामागून एक बंद. सगळी जाळीच कोसळायला जेमतेम साडेचार मिनिटे उरली होती, असे मागाहून कळले. ती वाचवायला ४५ लाखांच्या आसपास घरा-दुकानांची वीज तोडली. पाळीपाळीने तोडायची, तर तेही जमेना. ज्यांची गेली त्यांची तीन-तीन दिवस गेली. शहराच्या मध्यातल्या रिकाम्या कचेऱ्या मात्र झगझगत होत्या! ते पाहून कुणाचा संताप झाला नसेल?

सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, तू अमेरिकेतच आहेस ना गं? मग मेणबत्त्या कसल्या लावतेस?" तिला २०१९ च्या महापुराचा अनुभव, त्यामुळे लगेच पुढचा प्रश्न, "पाणी भरून ठेवलंस का?" ठेवले होते. बादल्या, पातेली, डबे, सगळे. सांगलीची सवय दुसरे काय! बुधवारी ऑस्टिनभर नळ एकतर कोरडे पडले, नाहीतर पाणी उकळून प्या असा हुकूम निघाला, तेव्हा ती सवय कामी आली. बर्फ वितळवून पाणी करता येते, पण दहा पातेली बर्फ वितळवावा तेव्हा एखादे पातेले पाणी निघते. ते मोरीपुरतेच.

कोचकडे सगळे विजेवर. आमची शेगडी गॅसची, काडी लावली की पेटणारी. सोमवारी दुपारी कोचीणबाई चहाचे पाणी मागायला कुंपणाशी आली, तेव्हा कळले की कोच पहाटेपासून फोनवर आहेत. संघातली अकरा मुले कॉलेजजवळच्या भाड्याच्या खोल्यांत अडकलेली, घरची माणसे शेकडो मैलांवर. कोच अंगणात उघड्यावर गाडी चालू ठेवून फोन चार्ज करत आणि एकेकाला विचारत, काय खाल्लेस, पांघरूण किती, खोलीत कोण आहे. प्रत्येकाकडून एक वाक्य परत म्हणवून घेत, "घरात कोळसा पेटवणार नाही, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणार नाही." त्या थंडीत कितीतरी माणसे अशा विषारी वायूने दगावली. सरकारी हिशेबाने या वादळाचे एकूण बळी २४६. आपल्याकडेही हिवाळ्यात दार लावून कोळशाची शेगडी ठेवण्याची पद्धत आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

मग मी मोठा कुकर काढला. मुगाची खिचडी. एकच भांडे, पाणी थोडे, घासायला काही नाही. करोनाचे दिवस, त्यामुळे कुणी घरात यायचे नाही. गॅरेजच्या दारात डबे ठेवायचे, कोच मागे वाळूच्या गोण्या टाकलेली आपली गाडी मुंगीच्या पावलांनी हाकत ते पोचवणार. तीन दिवस हा क्रम चालला. पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी झाली तशी कोच दचकून दोन पावले मागे सरले! तिखट नव्हते, तरी एका मुलाने निरोप पाठवला की हे फार झणझणीत आहे, उद्या थोडे जास्त द्या.

सरावाचे काय? तो फोनवरून. पिचरने हातात छोटा टॉवेल धरायचा आणि चेंडू फेकल्यासारखा हात फिरवायचा. जागा लागत नाही, चेंडू लागत नाही. मुलांनी तेच केले, स्वेटरवर स्वेटर चढवून, अंधाऱ्या बोळात.

गुरुवारी वीज आली. शुक्रवारचा सामना अर्थातच पुढे गेला. मोठ्या संघांचेही हेच. आर्लिंग्टनच्या छप्पर असलेल्या मैदानावरची सहा संघांची स्पर्धासुद्धा एक दिवस पुढे ढकलावी लागली. तिथे ऑस्टिनचे टेक्सास विद्यापीठ तिन्ही सामने हरले, आणि जूनमध्ये तेच ओमाहाच्या अंतिम स्पर्धेपर्यंत पोचले!

आमच्या कोचचा सामना पुढच्या आठवड्यात झाला. टेक्सासची हवा ती! स्वेटर काढून ठेवावे असे ऊन. आम्ही तोंडाला मास्क बांधून, अंतर राखून बसलो. तो रात्रपाळीवाला मुलगा पिचर. काय सुरेख फेकत होता! दोन डाव झाले, समोरच्यांची एकही धाव नाही. तिसऱ्याला तो निघाला आणि कोच मैदानात चालत आले. मोजलेले तीस चेंडू संपले होते. थंडीत आठवडाभर हात बंद होता, त्याच्यावर जास्त भार घालायचा नाही असे त्यांनी आधीच ठरवले होते. कोचनी हात पुढे केला. मुलगा चेंडू देईना. काहीतरी बोलला, मान हलवली, पुन्हा बोलला. अकरा महिन्यांचे ते बोलणे, मला न ऐकताही कळले. कोच हात तसाच धरून उभे. शेवटी त्याने चेंडू ठेवला त्या हातावर.

नवा पिचर आला, त्याच्यावर चार धावा झाल्या. "आता रात्रभर झोपणार नाहीत हे," कोचीणबाई म्हणाली. सामना हातचा गेला. डगआउटमध्ये तो मुलगा कुणाशी न बोलता बसला होता, खांद्यावर बर्फाची पिशवी घट्ट बांधून.