कपाटांतील अद्भुताचा खण

एखाद्या सुशिक्षित कुटुंबाची पारख करावयाची असेल, तर त्याच्या दिवाणखान्यांतील पुस्तकें पाहूं नयेत असें मला वाटतें. तेथें ज्ञानेश्वरी असते, दासबोध असतो, गीतारहस्य तर असतेंच. ह्या ग्रंथांविषयीं पूर्ण आदर बाळगूनहि म्हणावें लागतें, कीं त्यांवरून घरांतील माणसांनीं काय वाचावें तें कळतें. काय वाचलें तें कळत नाहीं. तें जाणावयाचें असेल तर कपाटाचा अगदीं खालचा खण पाहावा. लहान मुलाचा हात जेथें पोहोंचतो तेथें, मुखपृष्ठें उडालेलीं, पानें दुमडलेलीं, तेलकट बोटांचे डाग पडलेलीं जीं पुस्तकें असतात, तींच त्या घराचीं खरींखुरीं वाचलेलीं पुस्तकें होत.

असा एक खण मीं आजवर जपला आहे. देवरी हें आमचें गांव मुंबई-कोलकाता हमरस्त्यावर, छत्तीसगडच्या सीमेजवळ, रानाच्या कुशींत वसलेलें. आगगाडी येथवर येत नाहीं. आमच्या लहानपणीं पुस्तक यावयाचें तें आमगांवच्या स्टेशनावर उतरलेल्या कोणा आप्ताच्या ट्रंकेंतून. त्यामुळें वर्षाकाठीं दोन-तीनच नवीं पुस्तकें घरीं येत, आणि तीं सात-आठ मुलांना पुरवून वाचावीं लागत. खणांत पहिलें आहे तें ‘अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’चें पुठ्ठा नसलेलें एक पुस्तक, त्याच्या शेजारीं वेताळपंचविशी, मग भा. रा. भागवतांनीं ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरून मराठींत आणलेली ‘चंद्रावर स्वारी’. आणि शेवटीं सुतळीनें बांधलेले ‘चांदोबा’चे अंक. मद्रासेस १९४७ सालीं तेलुगू व तामीळ भाषांत निघालेलें हें मासिक १९५२ पासून मराठींत येऊं लागलें. खांद्यावर प्रेत, हातांत तलवार आणि स्मशानांतून चाललेला विक्रम, हें त्यांतील शंकर ह्या चित्रकाराचें चित्र ज्यानें बालपणीं पाहिलें, त्याच्या डोळ्यांपुढून तें पुढें कधींच हललें नाहीं.

अशा पुस्तकांवर वडीलधाऱ्यांचा आक्षेप कांहीं नवा नाहीं. ‘राक्षस, पऱ्या नि उडते गालिचे वाचून मुलें काय शिकणार?’ हा प्रश्न आमच्या ओटीवर अनेकदां ऐकूं येई. अशा वेळीं मला कृष्णशास्त्री चिपळूणकरांची आठवण होते. पुण्याच्या पाठशाळेंत तयार झालेले, संस्कृत शास्त्रांत मुरलेले हे पंडित. १८६१ पासून त्यांनीं बगदादच्या ह्या गोष्टी मराठींत आणावयास आरंभ केला, आणि त्याच सुमारास त्याच लेखणीनें ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ लिहून नव्या विद्यांचीं मूलतत्त्वें मराठी वाचकांस सांगितलीं. ज्या शास्त्रीबोवांनीं सॉक्रेटिसाचें चरित्र लिहिलें, त्यांना बगदादच्या खलिफाची संगत धरण्यांत कमीपणा वाटला नाहीं! त्याहूनहि मागें जावें तर १८१४ सालीं श्रीरामपूरच्या छापखान्यांतून मोडी लिपींत निघालेली वैजनाथशर्म्यांची ‘सिंहासनबत्तिशी’ आहे, आणि १८३० सालची सदाशिव काशिनाथ छत्र्यांची ‘वेताळपंचविशी’ आहे. मराठी छापील गद्य चालावयास शिकलें तेंच मुळीं अद्भुताचें बोट धरून.

मग ह्या पुस्तकांनीं काय शिकविलें? माझ्यापुरतें सांगावयाचें तर वेताळाचा एक नियम शिकविला. उत्तर ठाऊक असून जो बोलणार नाहीं, त्याच्या डोक्याचीं शकलें व्हावयाचीं. बोललें तर वेताळ निसटतो, हातचें काम पुन्हां पहिल्यापासून करावें लागतें. तरीहि बोललें पाहिजे. एकत्र कुटुंबांत वाढणाऱ्या मुलास ह्याहून अवघड धडा नसेल. कारण तेथें न बोलण्यालाच बहुधा विनय म्हणतात.

१९७४ सालच्या उन्हाळ्यांत आमच्या घराची वाटणी ठरली. ओटीवर पंच बसले. शेत, बैलजोडी, तांब्याचीं भांडीं, समया, विहिरीचें पाणी, असें सगळें कागदावर उतरलें. आम्ही मुलें जिन्यांत बसून ऐकत होतों. ऐन पंचविशींत विधवा होऊन माहेरीं परतलेली आमची आत्या माजघराच्या दाराशीं उभी होती. रोज रात्रीं ह्याच पुस्तकांतील गोष्टी आम्हांस वाचून दाखवीत असे ती हीच. कागद वाचून झाला. सर्वांनीं माना डोलाविल्या. तेव्हां माझी दहा वर्षांची चुलतबहीण उठली आणि सरळ आजोबांसमोर जाऊन म्हणाली, “आजोबा, आत्या कोणाच्या वांट्याला आली?”

ओटीवर कोणी बोलेना. तिला गप्प करण्यासाठीं काका उठले. पण आजोबांनीं हातानेंच त्यांस थांबविलें. “हें तुला कोणीं शिकविलें, बाळ?” त्यांनीं विचारलें.

“कोणींच नाहीं,” ती म्हणाली. “पण ठाऊक असून बोललें नाहीं, तर डोकें फुटतें ना?”

त्या दिवशीं कागदावर सह्या झाल्या नाहींत. पुढें चार दिवस घरांत बरीच ताणाताण झाली. मोठीं माणसें एकमेकांशीं बोलेनाशीं झालीं. शेवटीं कागद पुन्हां लिहिला गेला, आणि त्यांत माडीवरची खोली व वर्षाचें धान्य आत्याच्या नांवें लागलें. मुलांचीं पुस्तकें मात्र दोन्ही कागदांत नव्हतीं. तीं कोणीं मागितलींच नाहींत, म्हणून आत्यानें तीं आपल्या खोलींत नेलीं. तिच्यामागें तीं माझ्याकडे आलीं. एका गोष्टीनें घर सुधारतें असें मी म्हणत नाहीं. परंतु जें मोठ्यांच्या यादींत सुटलें तें एका मुलीस दिसलें, आणि तें बोलून दाखविण्याचा धीर तिला ज्या पुस्तकानें दिला, तें पोथीचें नव्हतें, कायद्याचें नव्हतें, भुताखेतांचें होतें.

तथापि ह्या खणाकडे पाहातांना एक उणीव डोळ्यांत भरते. त्यांत बगदाद आहे, उज्जयिनी आहे, चंद्रसुद्धां आहे. पण शेजारचें कचारगड नाहीं. देवरीला लागूनच असलेल्या सालेकसा तालुक्यांत, दरेकसा गांवाजवळच्या डोंगरांत ती प्रचंड गुहा आहे. माघी पौर्णिमेस दूरदूरचे गोंड बांधव तेथें यात्रेस लोटतात. गुहेंत कोंडलेलीं मुलें, तोंडावरची अवजड शिळा आणि शेवटीं झालेली सुटका, ही त्यांची पूर्वापार कथा. ती त्यांची धर्मकथा आहे. करमणुकीच्या पंक्तींत तिला बसविणें उचित नव्हे. परंतु अलिबाबाची गुहा ज्या मुलांस तोंडपाठ, त्यांस आपल्याच रानांतील गुहेची वार्ता नसावी, हें विलक्षण होय. वस्तुतः अलिबाबाची गोष्टहि मूळच्या अरबी पोथींत नव्हती. १७०९ सालीं पॅरिसमध्यें हन्ना दियाब नांवाच्या सीरियन गृहस्थानें गालां ह्या फ्रेंच पंडितास ती तोंडीं सांगितली, आणि मग ती जगभर गेली. गोंडांच्या लिंगोची गाथाहि अशीच मुखोद्गत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनीं ती टिपून घेतली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल ह्यांनीं १८६६ सालीं ती प्रसिद्ध केली. म्हणजे सांगणारा होता, टिपणारा होता. आमच्या खणापर्यंत आणणारा तेवढा नव्हता.

आतां ‘चांदोबा’ निघत नाहीं. मुलें इंग्रजी शाळेंत जातात, आणि राक्षस व जादूगार त्यांना मोबाइलच्या पडद्यावर हालतेबोलते भेटतात. त्याचा विषाद मानण्याचें कारण नाहीं. अद्भुताची भूक शाबूत आहे हें शुभचिन्हच म्हणावयाचें. भेद एवढाच, कीं पडदा ज्यानें त्यानें एकट्यानें पाहावयाचा. वेताळाची गोष्ट मात्र कोणीतरी वाचावयाची, बाकीच्यांनीं ऐकावयाची, आणि प्रश्नापाशीं थांबून सर्वांनीं मिळून उत्तर शोधावयाचें. आमच्या घरीं हल्लीं दर रविवारीं रात्रीं नातवंडांस एक गोष्ट वाचून दाखविण्याचा परिपाठ आहे. प्रश्न आला कीं मी पुस्तक मिटतों. मग जी वादावादी माजते, तींत धाकट्याचें मत थोरल्याच्या मताइतकेंच चालतें.

गेल्या माघांत थोरल्या नातीची एक वर्गमैत्रीण कचारगडच्या यात्रेहून परतली. तिच्याकडून ऐकलेली कथा नातीनें मराठींत एका वहींत लिहून काढली, आणि मैत्रिणीच्या आजीपुढें बसून वाचली. आजीनें त्यांत चार ठिकाणीं दुरुस्ती सांगितली. एक प्रसंग तर सबंध नव्यानें लिहावयास लावला. ती वही आतां ‘चंद्रावर स्वारी’च्या शेजारीं, खालच्याच खणांत आहे.

वाचकहो, दिवाळीपूर्वीं घरें आवरतांना जुनीं पुस्तकें रद्दीच्या गठ्ठ्यांत जातात, आणि पहिली पाळी ह्याच खणावर येते. तो गठ्ठा बांधण्यापूर्वीं त्यांतील एक पुस्तक घरांतील सर्वांत लहान वाचणाऱ्या मुलाच्या हातीं द्यावें, आणि त्याजकडून चार पानें मोठ्यानें वाचवून घ्यावींत. मग बाकीच्यांचें काय करावयाचें, तें त्यालाच विचारावें.